हॅकिंटॉश नोंदवही: झेड४९०, सेक्वोया आणि पंधरा पोर्ट

शनिवार, ५ एप्रिल २०२५ – सुटे भाग

घरी जोडलेल्या इंटेल पीसीवर ॲपलच्या मॅकसाठी असलेलं मॅकओएस सेक्वोया १५.४ चालवायचं आहे (अशा यंत्रालाच हॅकिंटॉश म्हणतात), मुख्यतः फायनल कट प्रो या व्हिडिओ संपादनाच्या ॲपसाठी. बूटलोडर, म्हणजे बायोसनंतर चालून मॅकओएसला हे यंत्र मॅक असल्याचं भासवणारा प्रोग्राम: ओपनकोअर १.०.४. विंडोज ११ वेगळ्या सॅटा एसएसडीवर आहे तशीच राहील.

प्रोसेसर: इंटेल कोअर आय५-१०४००, ६ कोअर, १२ थ्रेड. नावापुढे ‘एफ’ असलेला चालणार नाही. त्यात यूएचडी ६३० ग्राफिक्स नसतं, आणि आयमॅकची ओळख दिल्यावर व्हिडिओ डिकोडच्या कामात मॅकओएस ते शोधतं.

बोर्ड: झेड४९० चिपसेट, मायक्रो-एटीएक्स. लॅन इंटेल आय२१९-व्ही, ऑडिओ रिअलटेक एएलसी१२२०. बोर्ड निवडताना आधी लॅनची चिप पाहिली. त्याच पिढीच्या पुष्कळ बोर्डांवर २.५ गिगाबिटची आय२२५-व्ही असते आणि तिच्यासाठी मॅकओएसच्या आवृत्तीगणिक वेगळा उपाय करावा लागतो. आय२१९-व्हीला इंटेलमाउझी हा एक केक्स्ट (मॅकओएसमध्ये चढवायचा ड्रायव्हरसारखा तुकडा) टाकला की विषय संपतो.

रॅम: ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या, २६६६ वर.

एनव्हीएमई: डब्ल्यूडी ब्लू एसएन५७०, ५०० जीबी. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सॅमसंग पीएम९८१ बाजारात स्वस्तात मिळतात, त्यांच्या नादी लागू नये. ॲपलच्या एनव्हीएमई ड्रायव्हरशी त्यांचं जमत नाही. मॅकओएस दुसऱ्या डिस्कवर असलं आणि ही नुसती शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलेली असली तरी कर्नल पॅनिक येऊ शकतो, म्हणजे मॅकओएस कोसळतं.

वायफाय आणि ब्लूटूथ: इंटेल एएक्स२०० पीसीआयई अडॅप्टरवर. ब्रॉडकॉमची बीसीएम९४३६० असलेली कार्डं वर्षानुवर्षं हॅकिंटॉशसाठी पहिली पसंती होती. सोनोमापासून (२०२३) ॲपलने त्यांचे ड्रायव्हर काढून टाकले. ती आता चालवायची तर सिस्टीम फायलींना पॅच मारा, एसआयपी (मॅकओएसचं सिस्टीम फायलींचं संरक्षण) सैल करा, हे सगळं आलं. इंटेलवर एअरड्रॉप मिळत नाही, पण सिस्टीमला हात लावावा लागत नाही. हा सौदा बरा.

ग्राफिक्स: वापरलेलं आरएक्स ५८०, ८ जीबी. याची खात्री अजून व्हायची आहे. पॉवर सप्लाय ५५० वॅट, कार्डासाठी ८ पिनची एक केबल.

परवान्याचंही लिहून ठेवू. मॅकओएसचा करार फक्त ‘ॲपल-ब्रँडेड’ संगणकापुरता आहे, म्हणजे हे यंत्र करारात बसत नाही. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने २००८ मध्ये असे पीसी विकायला काढले. ॲपलने त्याच वर्षी दावा ठोकला, २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. तेव्हा हे यंत्र घरच्या प्रयोगापुरतं. मॅकओएस टाकून ते विकायचं नाही आणि गिऱ्हाइकाचं काम त्यावर घ्यायचं नाही. शिवाय मॅकओएसच्या पोटातच ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ नावाचा केक्स्ट बसलेला असतो, त्यामुळे ‘माहीत नव्हतं’ ही सबब चालणार नाही.

रविवार, ६ एप्रिल – बायोस आणि एसएसडीटी

बायोस आधी अपडेट केलं, मग ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’, मग हे बदल.

बंद: सीएसएम, सिक्युअर बूट, फास्ट बूट, सिरियल पोर्ट, सीएफजी लॉक.

चालू: अबव्ह ४जी डिकोडिंग, एक्सएचसीआय हँड-ऑफ, हायपर-थ्रेडिंग, इंटर्नल ग्राफिक्स (डीव्हीएमटी ६४ एमबी). सॅटा एएचसीआयवर. पहिला डिस्प्ले पीसीआयई स्लॉटवर.

सीएफजी लॉक समजून घ्यावा. प्रोसेसरमधलं एमएसआर ई२ हे रजिस्टर बायोस कुलूपबंद करून ठेवतं. मॅकओएसचं पॉवर मॅनेजमेंट तिथे लिहायला जातं आणि पॅनिक होतं. बायोसमध्ये पर्याय नसेल तर ओपनकोअरचा ‘ॲपल-एक्ससीपीएम-सीएफजी-लॉक’ क्वर्क (अडचणीवर तोड म्हणून दिलेला पर्याय) आहे, पण कुलूप मुळात काढलेलं चांगलं. पर्याय बंद केला तरी खरोखर बंद झाला का, हे ओपनकोअरच्या ‘कंट्रोलएमएसआरई२’ टूलने पाहिलं. झाला आहे.

व्हीटी-डी चालूच ठेवलं, कारण विंडोजला ते हवं आहे. त्याच्या बदल्यात ओपनकोअरच्या कॉन्फिगमध्ये (कॉन्फिग.प्लिस्ट ही फाइल) ‘डिसेबल-आयओ-मॅपर’ चालू.

विंडोजमध्ये एसएसडीटीटाइम हे टूल चालवून या बोर्डाची डीएसडीटी (बायोस सिस्टीमला देतं तो हार्डवेअरचा तक्ता) काढली आणि तिच्यावरून तीन एसएसडीटी, म्हणजे त्या तक्त्याला जोडायच्या पुरवण्या, बनवल्या. एसएसडीटी-प्लग प्रोसेसरच्या पॉवर मॅनेजमेंटसाठी, एसएसडीटी-ईसी-यूएसबीएक्स खोट्या एम्बेडेड कंट्रोलरसाठी आणि यूएसबीच्या विजेसाठी, एसएसडीटी-एडब्ल्यूएसी घड्याळासाठी. या पिढीचे बोर्ड एडब्ल्यूएसी नावाचं नवं घड्याळ पुढे करतात. मॅकओएसला जुनं आरटीसीच कळतं, आणि ते दिसलं नाही तर बूट सुरुवातीलाच अडकतं. तयार एसएसडीटी नेटवरून उचलू नयेत. दुसऱ्याच्या बोर्डातल्या डिव्हाइसचा पत्ता आपल्या बोर्डात तोच असेल याचा भरवसा नसतो.

यूएसबीचा नकाशाही, म्हणजे मॅकओएसला कोणती पोर्ट दाखवायची त्याची यादी, विंडोजमध्येच काढला, यूएसबीटूलबॉक्सने. घाईत काढला. एएक्स२०० अजून बसवलेलं नाही, म्हणून बोर्डावरचे आतले हेडर (पिनांचे यूएसबी जोड) मोजले नाहीत.

मंगळवार, ८ एप्रिल – ईएफआय फोल्डर

पेन ड्राइव्ह १६ जीबी, जीपीटी, फॅट३२. त्यावर ईएफआय फोल्डर, म्हणजे ओपनकोअर, त्याचे केक्स्ट आणि कॉन्फिग. मॅकरिकव्हरी स्क्रिप्टने सेक्वोयाची रिकव्हरी उतरवून ‘कॉम.ॲपल.रिकव्हरी.बूट’ फोल्डरमध्ये ठेवली. ती एक जीबीच्या आतबाहेर असते. बाकीचं सुमारे १४ जीबी इन्स्टॉल होताना ॲपलच्या सर्व्हरवरून येतं, तेव्हा लॅनची केबल लावलेली हवी. वायफायवर विसंबू नये.

केक्स्ट, याच क्रमाने: लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटएव्हरग्रीन, ॲपलएएलसी, इंटेलमाउझी, एनव्हीएमईफिक्स, रिस्ट्रिक्टइव्हेंट्स, यूएसबीटूलबॉक्स, यूटीबीमॅप. लिलू पहिला, कारण पुढचे बरेचसे त्याच्या खांद्यावर उभे आहेत. प्रॉपरट्री या एडिटरमध्ये ‘ओसी क्लीन स्नॅपशॉट’ मारला की फोल्डरातल्या फायली कॉन्फिग.प्लिस्टमध्ये आपोआप भरल्या जातात आणि क्रमही लावला जातो. हाताने ओळी लिहिल्या की एखादं नाव चुकतं, आणि ती चूक सापडायला संध्याकाळ जाते.

ओळख: आयमॅक२०,१ (२०२० चा २७ इंची). १० कोअरच्या प्रोसेसरला आयमॅक२०,२ लावतात, आपल्याला गरज नाही. जेनएसएमबायोसने सिरियल, एमएलबी (बोर्डाचा नंबर) आणि यूयूआयडी काढले. सिरियल ॲपलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाकून पाहिलं. तिथे ‘असा नंबर नाही’ हेच उत्तर आलं पाहिजे. खऱ्या मॅकचा नंबर लागला असेल तर तो टाकून दुसरा काढायचा. ‘रॉम’च्या जागी लॅन चिपचा एमएसी (नेटवर्क) पत्ता.

यूएचडी ६३० ला पडदा चालवायचा नाही, फक्त डिकोडचं काम करायचं आहे. म्हणून ‘आयजी-प्लॅटफॉर्म-आयडी’ ०३००सी८९बी. पडदाही त्याच्यावर असता तर ०७००९बी३ई.

‘सिक्युअर-बूट-मॉडेल’ इन्स्टॉलपुरतं ‘डिसेबल्ड’. बूट-आर्ग्युमेंट्स: -व्ही, कीपसिम्स=१, डीबग=०एक्स१००. ही तीन काम पूर्ण होईपर्यंत काढायची नाहीत. सफरचंदाचं चिन्ह आणि खाली न हलणारी पट्टी यावरून कुठे अडलं ते काहीच कळत नाही.

शेवटी ओसीव्हॅलिडेट, म्हणजे कॉन्फिगमधल्या चुका तपासणारा प्रोग्राम. तो ओपनकोअरच्या त्याच आवृत्तीचा असावा, नाहीतर नसलेल्या चुका दाखवतो.

शनिवार, १२ एप्रिल – पहिलं बूट

विंडोजच्या एसएसडीची सॅटा केबल काढून ठेवली. डिस्क युटिलिटीत चुकीच्या डिस्कवर ‘इरेझ’ दाबायला अर्धा सेकंद पुरतो.

पेन ड्राइव्हवरून ओपनकोअरचा मेनू आला. रिकव्हरी निवडली, काळ्या पडद्यावर ओळी धावल्या आणि ‘एक्झिटबीएस:स्टार्ट’ या ओळीवर सगळं थबकलं. पाच मिनिटं थांबून पाहिलं, हालचाल नाही.

या टप्प्यावर बूटलोडर सूत्रं कर्नलच्या हाती देतो. इथे अडलं तर केक्स्ट तपासत बसण्यात अर्थ नाही, ते अजून चालूच झालेले नसतात. पाणी मुरतं ते बूटर क्वर्क्समध्ये, म्हणजे मेमरीचा नकाशा कर्नलला कसा दिला त्यात. आपल्या कॉन्फिगमध्ये सॅम्पल.प्लिस्टमधून आलेलं ‘सेटअप-व्हर्च्युअल-मॅप’ चालूच राहिलं होतं. झेड४९० च्या बहुतेक बोर्डांना ते बंद लागतं. आता असं आहे:

डिव्हर्च्युअलाइज-एमएमआयओ चालू
एनेबल-राइट-अनप्रोटेक्टर बंद
प्रोटेक्ट-यूईएफआय-सर्व्हिसेस चालू
रीबिल्ड-ॲपल-मेमरी-मॅप चालू
सेटअप-व्हर्च्युअल-मॅप बंद
सिंक-रनटाइम-परमिशन्स चालू

दुसऱ्या प्रयत्नात रिकव्हरी उघडली. डिस्क युटिलिटीत आधी ‘शो ऑल डिव्हायसेस’, मग डावीकडे सर्वांत वरची ओळ, म्हणजे डिस्क स्वतः, निवडून एपीएफएस आणि ग्विड पार्टिशन मॅप. नुसता व्हॉल्यूम पुसला तर जुना पार्टिशन नकाशा तसाच राहतो आणि इन्स्टॉलर पुढे कुरकुरतो.

इन्स्टॉल होताना यंत्र आपणहून तीनचार वेळा रीस्टार्ट झालं. दर वेळी ओपनकोअरच्या मेनूत ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ ही नोंद निवडली जाते ना, एवढं पाहायचं. शेवटच्या खेपेला डिस्कचं नाव दिसतं.

डेस्कटॉप आला, पण डॉक अपारदर्शक, खिडक्या ओढताना फाटतात, आणि ‘अबाउट’मध्ये ग्राफिक्सपुढे ७ एमबी. कार्ड ओळखलेलंच नाही.

रविवार, १३ एप्रिल – ५८० नावाचं कार्ड

सेक्वोयात खरं आरएक्स ५८० काहीही न करता चालतं. हे चालत नाही म्हणजे हे ते नाही.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘हार्डवेअर आयडीज’ पाहिल्या. व्हेंडर १००२, डिव्हाइस ६एफडीएफ. खऱ्या ५८० चा आयडी ६७डीएफ. ६एफडीएफ म्हणजे ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’: खोक्यावर ५८०, आत ५७० इतके २०४८ स्ट्रीम प्रोसेसर. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. वापरलेल्या कार्डांच्या बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइनपर्यंत, दोन्ही एकाच नावाने मिळतात. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात २०४८एसपी लिहिलेलं असतं, किंवा तेवढाच कोपरा खरवडलेला असतो. पैसे देण्याआधी विक्रेत्याच्याच यंत्रावर डिव्हाइस आयडी पाहून घ्यावा, हा एकच पक्का उपाय.

चिप पोलॅरिसच (खऱ्या ५८० च्याच घराण्यातली) आहे, ॲपलच्या ड्रायव्हरला ती चालवता येते. त्याच्या यादीत फक्त ६एफडीएफ हा आकडा नाही. दोन वाटा आहेत: कार्डावर ५७० चं व्हीबायोस (कार्डाचं स्वतःचं बायोस) चढवणं, नाहीतर ओपनकोअरकडून आयडी बदलून सांगणं. पहिलीत चूक झाली तर कार्ड मरतं. शिवाय हे मायनिंगमधून आलेलं दिसतं, त्यात आधीच कुणी मेमरी टायमिंग बदलले असतील तर मूळ व्हीबायोसही हाताशी नाही. दुसरी वाट धरली.

‘डिव्हाइस-प्रॉपर्टीज’मध्ये कार्डाचा पत्ता टाकला. पत्ता हॅकिंटूलमधून घेतला, अंदाजाने नाही; स्लॉट आणि बोर्डाप्रमाणे तो बदलतो. त्याखाली ‘डिव्हाइस-आयडी’, प्रकार डेटा, किंमत डीएफ६७००००. आकडा उलटा वाटतो, पण बरोबर आहे. बाइट मागून पुढे लिहायचे असतात: ६७डीएफ चे दोन बाइट ६७ आणि डीएफ, आधी डीएफ, मग ६७, पुढे दोन शून्य बाइट. ६७डीएफ०००० असं सरळ लिहिलं तर काहीच होत नाही, चुकीचा संदेशही येत नाही.

रीस्टार्टनंतर ८ जीबी, मेटल (ॲपलची ग्राफिक्स यंत्रणा) चालू, डॉक पारदर्शक. फायनल कट उघडलं.

मंगळवार, १५ एप्रिल – किरकोळ

ऑडिओ: ॲपलएएलसीत लेआउट १ वर पुढचा जॅक मुका, ७ वर दोन्ही चालतात. ७ कायम.

ईएफआय फोल्डर पेन ड्राइव्हवरून एनव्हीएमईच्या ईएफआय पार्टिशनवर हलवला. ‘लाँचर-ऑप्शन’ फुल केलं, म्हणजे बायोसच्या बूट यादीत ओपनकोअरची स्वतःची नोंद होते आणि विंडोजच्या एखाद्या अपडेटने मूळ बूट फाइल बदलली तरी फरक पडत नाही.

मॅकओएसमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मॅकओएस बोर्डाच्या घड्याळात यूटीसी लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘टाइमझोन-इन्फर्मेशन’खाली ‘रिअल-टाइम-इज-युनिव्हर्सल’ = १.

एक चांगली गोष्ट: फाँट बुकमध्ये ‘आयटीएफ देवनागरी मराठी’ आहे. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. व्हिडिओतल्या मथळ्यांसाठी तोच वापरायचा.

शनिवार, १९ एप्रिल – पंधरा पोर्ट

एएक्स२०० बसवलं. वायफाय लागलं: आयटीएलडब्ल्यूएम केक्स्ट आणि जोडीला हेलीपोर्ट ॲप. नेटवर्क इथरनेटसारखं दिसतं, नेहमीचं वायफायचं चिन्ह मिळत नाही. ब्लूटूथ मात्र गायब. इंटेलब्लूटूथफर्मवेअर, इंटेलबीटीपॅचर, ब्लूटूलफिक्सअप तिन्ही चढलेले, तरी सिस्टीममध्ये ब्लूटूथचा पत्ताच नाही.

या कार्डावर वायफाय पीसीआयईवरून बोलतं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. म्हणूनच अडॅप्टरमधून एक बारीक केबल निघते आणि बोर्डावरच्या ९ पिनी यूएसबी २ हेडरला लागते. तो हेडर ६ तारखेच्या नकाशात नाही. नकाशात नसलेलं पोर्ट मॅकओएससाठी अस्तित्वातच नसतं. तेव्हाची घाई आता वसूल झाली.

मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ पोर्ट धरतं, त्यापुढचे सोडून देतं. झेड४९० च्या कंट्रोलरवर २६ आहेत: एचएस०१ ते एचएस१४, एसएस०१ ते एसएस१०, आणि यूएसआर१, यूएसआर२. पूर्वी ‘एक्सएचसीआय-पोर्ट-लिमिट’ क्वर्क ही मर्यादा उठवायचा. बिग सर ११.३ पासून तो मोडला आहे, नव्या आवृत्तीत चालू ठेवला तर उलट गोंधळ होतो. आता निवड हातानेच करायची.

गोची इथे आहे: निळं यूएसबी ३ पोर्ट डोळ्याला एक दिसतं, कंट्रोलरला ती दोन आहेत. यूएसबी २ चं उपकरण लावलं की एचएस जागं होतं, यूएसबी ३ चं लावलं की एसएस. आपला हिशेब:

मागची काळी यूएसबी २ – दोन, म्हणजे २
मागची निळी यूएसबी ३ – चार, म्हणजे ८
मागचं टाइप-सी – २
कॅबिनेटच्या पुढची यूएसबी ३ – दोन, म्हणजे ४
ब्लूटूथचा हेडर – १

एकूण १७. बोर्डावरचा आरजीबी कंट्रोलरही आतून एक एचएस खातो, त्याला सरळ वगळलं. मॅकओएसमध्ये त्याचं काही काम नाही. यूएसआरची दोन्हीही नकोत.

१७ मधून दोन कमी करायचे. पोर्ट अख्खं बंद करण्याऐवजी त्याची एसएस बाजू तेवढी छाटली. मागच्या एका निळ्या पोर्टला प्रिंटर कायमचा लावलेला आहे, दुसऱ्याला सॉफ्टवेअरचं डाँगल. दोन्ही यूएसबी २ ची उपकरणं, त्यांना एसएस कशाला? बरोबर १५ झाले.

पुन्हा विंडोजमध्ये यूएसबीटूलबॉक्स, या वेळी सावकाश. एक यूएसबी २ चा आणि एक यूएसबी ३ चा पेन ड्राइव्ह घेऊन प्रत्येक छिद्रात दोन्ही घातले. प्रत्येक वेळी पडद्यावर कोणतं पोर्ट उजळतं ते कागदावर कॅबिनेटचं चित्र काढून त्यावर लिहिलं. यूएसबी ३ चा ड्राइव्ह झटक्यात खोचावा. हळू सरकवला तर आधी यूएसबी २ च्या पिना टेकतात आणि तो एचएसवर नोंदला जातो. टाइप-सीत ड्राइव्ह सुलटा आणि उलटा असा दोनदा घालायचा. दोन्ही वेळा तेच एसएस उजळलं तर पोर्टात स्विच आहे, नकाशात त्याचा प्रकार ९ लिहायचा. वेगवेगळी उजळली तर स्विच नाही, प्रकार १०, आणि हिशेबात आणखी एक पोर्ट वाढतं. आपलं ९ निघालं, नशीब.

बाकी प्रकार: साध्या यूएसबी २ ला ०. निळ्या पोर्टाच्या एचएस आणि एसएस दोन्हींना ३. पण एसएस छाटलेल्यांच्या एचएसला ०. ब्लूटूथच्या हेडरला २५५, म्हणजे ‘आतलं, न निघणारं’. हे २५५ विसरायचं नाही. ० दिलं तरी ब्लूटूथ चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण मग मॅकओएस त्याला बाहेरून खोचलेलं उपकरण समजतं आणि झोपेच्या वेळी त्याच्याशी तसंच वागतं.

नवा यूटीबीमॅप टाकला. सेक्वोयासाठी एनव्हीरॅममध्ये (यंत्र बंद केल्यावरही टिकणारी बोर्डाची मेमरी) दोन नोंदी वाढवल्या: ‘ब्लूटूथ-इंटर्नल-कंट्रोलर-इन्फो’ला शून्याचे १४ बाइट, ‘ब्लूटूथ-एक्स्टर्नल-डाँगल-फेल्ड’ला शून्याचा एक. ब्लूटूथ आलं, कीबोर्ड जोडला गेला.

शनिवार, २६ एप्रिल – झोप

‘स्लीप’ दाबलं की पंखे थांबतात आणि दोन-तीन सेकंदांत यंत्र परत जागं. कधी त्यासोबत बाहेरची एसएसडी ‘नीट इजेक्ट केली नाही’ अशी सूचना.

टर्मिनलमध्ये पीएमसेट या पॉवर मॅनेजमेंटच्या कमांडचा लॉग काढून त्यातल्या ‘वेक’च्या ओळी पाहिल्या. कारण दर वेळी एक्सएचसी, म्हणजे यूएसबी कंट्रोलर. १९ तारखेचा नकाशा बरोबर आहे, २५५ ही आहे. म्हणजे अडचण बोर्डाच्या एसीपीआयमध्ये, डीएसडीटी ज्यात मोडते त्या तक्त्यांत.

डीएसडीटीत ‘जीपीआरडब्ल्यू’ नावाची मेथड सापडली. कोणतं उपकरण यंत्राला झोपेतून उठवू शकतं हे ती सांगते, आणि यूएसबी कंट्रोलरसाठी होकार देते. झोपताना बसवर होणारी किरकोळ हालचालही मग जागं करायला पुरते. उपाय दोन तुकड्यांत. एसीपीआय पॅचमध्ये शोध ४७५०५२५७०२, बदल ५८५०५२५७०२. यात फक्त पहिलं अक्षर बदलतं: ४७ म्हणजे ‘जी’, ५८ म्हणजे ‘एक्स’, म्हणजे मूळ मेथड एक्सपीआरडब्ल्यू झाली. मग एसएसडीटी-जीपीआरडब्ल्यू रिकाम्या झालेल्या नावावर नवी मेथड बसवते: ६डी आणि ०डी या इव्हेंटना शून्य देते, बाकी सगळं मूळ मेथडकडे पाठवते. दोन्ही तुकडे एकत्रच लागतात. नुसतं नाव बदललं आणि एसएसडीटी टाकायची राहून गेली तर विंडोजही रुसते, कारण ओपनकोअरमधून गेलं की हे पॅच तिलाही लागू होतात. काही बोर्डांत मेथडचं नाव यूपीआरडब्ल्यू असतं, तेव्हा पहिला बाइट वेगळा. डीएसडीटी न उघडता हा पॅच मारण्यात अर्थ नाही.

याची किंमत म्हणजे कीबोर्ड किंवा माउसने यंत्र उठत नाही, पॉवरचं बटणच दाबावं लागतं. मान्य.

पीएमसेटने हायबरनेट-मोड ०, पॉवर-नॅप ०, प्रॉक्सिमिटी-वेक ०, टीसीपी-कीप-अलाइव्ह ०. रात्रभर झोपवून सकाळी लॉग पाहिला, मधे एकही ‘वेक’ नाही. बाहेरची एसएसडीही जागच्या जागी.

शनिवार, १७ मे – १५.५ दिसेना

१५.५ सोमवारी आलं. ‘सॉफ्टवेअर अपडेट’ म्हणतं, सगळं अद्ययावत आहे.

इन्स्टॉलपुरतं ‘डिसेबल्ड’ केलेलं सिक्युअर-बूट-मॉडेल तसंच राहिलं होतं. खऱ्या आयमॅक२०,१ मध्ये टी२ ही ॲपलची सुरक्षेची चिप असते. ती ओळख सांगायची आणि सिक्युअर बूट बंद दाखवायचं, हे ॲपलच्या अपडेट सर्व्हरला पटत नाही, मग तो काहीच देत नाही. दोन उपाय: मॉडेल पुन्हा ‘डिफॉल्ट’ करणं, किंवा रिस्ट्रिक्टइव्हेंट्स असताना बूट-आर्ग्युमेंट्समध्ये रेव्हपॅच=एसबीव्हीएमएम. दुसरा घेतला, कारण तो अपडेट चालू असतानाही आड येत नाही. रीस्टार्ट, आणि १५.५ दिसलं.

अपडेटआधी नेहमी: चालू ईएफआय फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून त्यावरून एकदा खरंच बूट करून पाहायचं. मग ओपनकोअर आणि केक्स्ट नवे करायचे, ओसीव्हॅलिडेट, एक दिवस वापर, आणि त्यानंतरच मॅकओएस. दोन्ही एकाच बसकणीत बदलले तर कोणामुळे बिघडलं ते कळत नाही. उलट क्रम तर नकोच. नवं मॅकओएस आणि जुनं लिलू ही जोडी बूटच होऊ देत नाही.

शनिवार, २० सप्टेंबर – टाहो, चाचणीपुरतं

मॅकओएस २६ टाहो १५ तारखेला आलं. इंटेलसाठी हे शेवटचं, हे ॲपलने जूनमध्येच सांगितलं आहे. त्याच्या यादीत इंटेल मॅक मोजकेच उरले आहेत: २०१९ चे मॅकबुक प्रो १६ इंची आणि मॅक प्रो, २०२० चे चार थंडरबोल्ट पोर्टांचे १३ इंची आणि २७ इंची आयमॅक. आयमॅक२०,१ त्यात बसतो, म्हणून ओळख बदलायची गरज पडली नाही.

त्याच एपीएफएस कंटेनरमध्ये नवा व्हॉल्यूम करून तिथे टाकलं. सेक्वोयाला हात लावला नाही. ग्राफिक्स, लॅन, झोप ठीक. आवाज नाही.

ॲपलएएलसीचा दोष नाही. टाहोतून ॲपलने ॲपलएचडीए हा ड्रायव्हरच काढून टाकला आहे, आणि ॲपलएएलसीचं काम त्या ड्रायव्हरलाच आपली चिप समजावणं एवढं आहे. समजावायला समोर कोणी उरलेलं नाही. जुना ड्रायव्हर परत बसवायचा तर सिस्टीम व्हॉल्यूमला पॅच, एसआयपी सैल आणि प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा तेच. ब्रॉडकॉम कार्ड याच कारणासाठी नाकारलं होतं.

साधं यूएसबी साउंड कार्ड लावलं. त्याला ॲपलचा यूएसबी ऑडिओ ड्रायव्हर पुरतो. पहिल्यांदा ते आतल्या रिकाम्या यूएसबी २ हेडरला ब्रॅकेट लावून जोडलं होतं. दिसलं नाही, कारण तो हेडर पंधरांत नाही. मागच्या काळ्या पोर्टातला वायरचा माउस काढून तिथे लावलं, माउस आता ब्लूटूथचा.

रोजचं काम सेक्वोयावरच. टाहोचा व्हॉल्यूम पुढच्या पॉइंट अपडेटपर्यंत ठेवू, मग पुसायचा की नाही ते पाहू.